छंदाचे मृत्युपत्र

मराठी भाषा छंदाविषयी फारशा भरवशाने बोलत नाही. ‘छंद’ हा शब्द वास्तविक कुलीन आहे. सहा वेदांगांपैकी एकाचे ते नाव, आणि कवितेच्या मापालाही आपण तेच नाव देतो. परंतु हाच शब्द गृहस्थाच्या घरात शिरू लागला की त्याची प्रतिष्ठा उंबऱ्याबाहेर राहते. ‘छंदीफंदी’ म्हटले की तो माणूस बिघडलेला आहे हे गृहीत धरले जाते. ‘नाद’ म्हणजे मूळचा ध्वनी. पण ‘नादी लागला’ म्हणजे कामातून गेला. वेड, खूळ, चाळा, व्यसन ही सारी त्याच गोतावळ्यातली मंडळी. ज्या गोष्टीने पोट भरत नाही आणि जिच्यामुळे पुण्यही पदरात पडत नाही, तिच्याकडे आपल्या समाजाने नेहमी तिरक्या नजरेनेच पाहिले आहे. ‘याचा उपयोग काय?’ हा त्या नजरेतला प्रश्न घरोघरी, बहुधा जेवणाच्या वेळी, विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे नाही. छंदाचा उपयोग नसतो, हे छंदिष्टाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? मात्र ज्यांचा उपयोग असतो अशा गोष्टींचे आयुष्य किती, हेही एकदा पाहून ठेवावे. शिक्षकाचे अथवा कारकुनाचे सेवापुस्तक उघडले तर त्यात पहिल्या पानावर रुजू झाल्याची तारीख असते आणि अखेरच्या नोंदीत ‘नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त’ असे शब्द असतात. शासकीय मराठीने माणसाच्या मर्त्यपणाविषयी इतके नेमके दुसरे काही लिहिले नसेल. त्या दिवशी शाल मिळते, श्रीफळ मिळते, छायाचित्र निघते आणि एखादा वक्ता हमखास सांगतो, “आता आपण आपले छंद जोपासावेत.” जणू छंद ही निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांसोबत मिळणारी वस्तू आहे. जन्मभर ज्याने कधी रोप लावले नाही, त्याला साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर एकदम बाग सापडावी, अशी ही अपेक्षा असते.

माझ्यापुरते सांगायचे तर मी बसची तिकिटे जमवतो. हे वाक्य चारचौघांत उच्चारण्यास थोडे धैर्य लागते. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्यास लोक ‘संग्राहक’ म्हणतात. बसची जमवणाऱ्यास काय म्हणतात ते येथे लिहिण्याजोगे नाही. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला धावली. तेव्हापासून कित्येक वर्षे वाहकाच्या पेटीत रंगीबेरंगी, पातळ कागदाच्या तिकिटांचे गठ्ठे असत, आणि तिकीट देण्यापूर्वी तो चिमट्याने त्यावर भोके पाडत असे. ती भोके पाहून प्रवास किती लांबचा होता हे आजही सांगता येते. पुढे हातातली यंत्रे आली आणि तिकीट छापून मिळू लागले. या यंत्रांतला कागद शाईने नव्हे, उष्णतेने उमटतो. त्यामुळे काही महिन्यांत, उन्हात ठेवला तर त्याहूनही लवकर, त्यावरचे गाव, भाडे, तारीख सारे फिके होत जाते आणि शेवटी हातात कोरी पट्टी उरते. माझ्या डब्यातली जुनी भोकाची तिकिटे चाळीस वर्षांनंतरही वाचता येतात आणि गेल्या वर्षीची येत नाहीत. स्मरणशक्तीचेही उतारवयात असेच होते, असे जाणकार सांगतात. तेव्हा त्या यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

या डब्याचे माझ्यामागे काय होणार, हा प्रश्न मला कधी कधी पडतो. उत्तरही ठाऊक असते. तेरावा झाला, पाहुणे पांगले, की घरात आवराआवर निघते. दागिने, पासबुके आणि ठेवीच्या पावत्या यांना वारस असतात. छंदाला वारस नसतो. त्याला रद्दीवाला असतो. चाळीस वर्षे जपलेली कात्रणे काट्यावर किलोच्या भावाने तोलली जातात, आणि त्यात कोणाचाही दुष्टपणा नसतो. मुलांची घरे लहान असतात, आणि कोणत्या कागदात बापाचा जीव होता हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

तेव्हा उपयोगाच्या प्रश्नाखाली खरा प्रश्न दडलेला आहे तो हा: मागे काही उरणार नसेल, तर हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर देऊन गेलेली दोन माणसे महाराष्ट्रात होऊन गेली. दोघांचे मार्ग अगदी वेगळे होते.

पहिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. वडील कारकून आणि त्यांना ज्योतिषाची आवड. मुलाने आकडे घेतले, पण त्यांच्याकडून भविष्य वदवून घेण्याचा हट्ट सोडून दिला. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत शिक्षकाची नोकरी केली. विद्यापीठातले पद नाही, पदव्युत्तर पदवी नाही; हाताशी कागद, पेन्सिल आणि शाळा सुटल्यावर उरणारा वेळ. एका प्रकारच्या संख्यांची कल्पना त्यांना आगगाडीच्या ज्या स्थानकावर सुचली, त्याच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. ज्या फलाटावर लाखो माणसे रोज फक्त गाडीची वाट पाहतात, तेथे एका माणसाने संख्यांची वाट पाहिली. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ असे नाव दिले, म्हणजे हर्ष देणारी. गणिताच्या शास्त्रात आनंदाला परिभाषेचा दर्जा देणारा हा शाळामास्तर होता.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. १९४९ साली ती त्यांना सापडली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक आधी उतरत्या क्रमाने आणि मग चढत्या क्रमाने मांडावेत, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर तोच प्रयोग पुन्हा करावा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ हाती येते, आणि एकदा आली की पुढे कितीही वजाबाक्या करा, तीच येत राहते. गंमत म्हणून मी त्यांच्याच जन्मसालावर हा प्रयोग करून पाहिला. १९०५ घेतले: ९५१० मधून ०१५९ गेले, राहिले ९३५१. मग ९५३१ मधून १३५९ गेले, राहिले ८१७२. नंतर त्यांच्या निधनाचे वर्ष घेतले, १९८६. तेव्हा ९८६१ मधून १६८९ गेले आणि पहिल्याच पायरीवर पुन्हा ८१७२! जन्मसाल आणि मृत्युसाल वेगवेगळ्या वाटांनी येऊन एका ठिकाणी भेटले आणि तेथून पुढे दोघे हातात हात घालून चालले: ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४. यातून कोणी गूढ अर्थ काढू नये. वाचकाच्या जन्मसालाचे आणि विजेच्या बिलावरील शेवटच्या चार अंकांचेही बहुधा हेच होईल. ६१७४ ही स्वतः हर्षद संख्या आहे, एवढे मात्र जाता जाता सांगितले पाहिजे. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि भागाकार येतो ३४३, म्हणजे सातांचा घन.

अशा कामाला पुष्कळ दिवस पोरखेळ समजले गेले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर पोहोचले. तोवर त्यांच्या वयाची सत्तर वर्षे झाली होती. गार्डनरांनी लिहिले नसते तर? तरी १९४९ ची ती संध्याकाळ वाया गेली असे म्हणता आले नसते. आनंद आधी होऊन गेला होता. पावती तेवढी उशिरा आली.

दुसरे दिनकर गंगाधर केळकर, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे, पुण्यातल्या ज्यांच्या संग्रहालयात आपल्यापैकी अनेकजण शाळेच्या सहलीबरोबर जाऊन आले असतील. कापरेकरांच्या छंदाला जागा लागत नव्हती. केळकरांच्या छंदाने वाडा व्यापला. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवण्यास आरंभ केला, आणि जमवले काय? दिवे, अडकित्ते, दौती, पानाचे डबे, कुलपे, पाय घासायच्या वज्री. राजेरजवाड्यांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ असतात. कोण्या गृहिणीच्या हातातला अडकित्ता हा इतिहासाचा पुरावा आहे, हे ओळखण्यास कवीची नजर लागते. तो अडकित्ता ज्या हातांनी चालवला त्यांचे नाव कोठेही नोंदलेले नाही. धातूवर मात्र त्या हातांची झीज आहे. केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, आणि वडिलांनी आपला सारा संग्रह त्याच्या नावे उभा केला. ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावात पहिला शब्द पदवी नव्हे. तो एका लहान मुलाचा आहे. वीस हजारांहून अधिक वस्तूंची ही दौलत त्यांनी राज्य शासनाच्या स्वाधीन केली. मुलाकडून बापाकडे असा उलटा वारसा काळाने चालवला, तेव्हा या माणसाने सगळ्या महाराष्ट्रालाच वारस नेमून टाकले.

या दोन चरित्रांत एक गोष्ट समान दिसते. दोघांचेही काम पुरे झालेले नव्हते आणि ते पुरे होण्यासारखेही नव्हते. संख्या संपत नाहीत. जुने दिवेही संपत नाहीत. नोकरी पुरी होते, कर्ज फिटते, मुलांची लग्ने होतात. छंद मात्र प्रत्येक दिवशी अर्धाच असतो. मृत्यू येतो तेव्हा तो आपल्याला कोणत्या तरी कामातून उठवणारच. रिकाम्या बसलेल्या माणसाला तो नेतो, आणि वजाबाकीत गुंतलेल्या माणसालाही नेतो. दुसऱ्याची वजाबाकी तेवढी अर्धी राहते, आणि अर्धे राहिलेले कामच पुढच्याच्या हाती देता येते. पुरे झालेल्या कामाकडे लोक आदराने पाहतात आणि निघून जातात.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली घरातल्या वडीलधाऱ्यांना. आपल्या डब्यावर, वहीवर, संग्रहावर हयातीतच एक चिठ्ठी लिहून ठेवावी: हे काय आहे, कोठून आले, कोणाला द्यावे, आणि कोणालाच नको असेल तर खुशाल टाकून द्यावे. स्थावराचे मृत्युपत्र करण्यासाठी आपण वकील गाठतो. छंदाच्या मृत्युपत्राला पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. रद्दीवाल्याकडे काय जावे हे निदान आपण ठरवलेले असावे. चिठ्ठी लिहिताना आणखी एक लाभ होतो. ‘हे काय आहे’ याचे उत्तर दुसऱ्यासाठी लिहू लागलो, की ते आपल्याला स्वतःलाच प्रथम कळते.

दुसरी गोष्ट शिक्षकांना आणि पालकांना. मुलांचे छंद हल्ली वर्गांत भरतात; त्यांना शुल्क असते, परीक्षा असते, प्रमाणपत्र असते. प्रमाणपत्र मिळाले की बहुतेक वेळा छंद संपतो, कारण तो पुरा झालेला असतो. आठवड्यातून एखादा तास असा असू द्यावा, की ज्यात मुलाने काय केले हे कोणी विचारणार नाही. कोणी दगड जमवील, कोणी मुंग्यांची रांग पाहत बसेल, कोणी नुसता खिडकीशी उभा राहील. त्या तासाला गुण नसावेत. चाळीसएक वर्षांनी, शाल आणि श्रीफळ घेऊन घरी परतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीची सकाळ कशी जाईल, याची तरतूद त्या तासात होत असते, आणि ती कोणत्याही वेतन आयोगाच्या हातची नाही.

‘निवृत्त झाल्यावर करू’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. ते वाक्य म्हणजे आयुष्याने न दिलेल्या हमीवर काढलेली उचल आहे. ती मंजूर होईलही, पुष्कळांची होते. परंतु आज संध्याकाळी, दिवे लागल्यावर आणि जेवणाची पाने वाढण्याआधी, जो अर्धा तास उरतो तो नि:संशय आपला आहे. कापरेकरांपाशीही त्याहून फार मोठे भांडवल नव्हते. निदान एखादी चार अंकी संख्या घेऊन बसावे. सात पायऱ्यांच्या आत कोठे पोहोचणार हे आधीच ठाऊक आहे. जन्माचेही तसेच आहे, आणि तरी प्रत्येकाची वजाबाकी वेगळी असते.