गॉडफादरचा चौथा भाग? नको रे बाबा

'गॉडफादर'चा अजून एक भाग यायला हवा, असं म्हणणारे मित्र अधूनमधून भेटतात. माझं मत सरळ आहे, नको.

१९७२चा पहिला आणि १९७४चा दुसरा, दोघांनाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. पण दुसरा जमला कशामुळे? मारिओ पुझोच्या कादंबरीतलं तरुण व्हिटोचं आयुष्य पहिल्या भागात आलंच नव्हतं. म्हणजे कोठारात धान्य शिल्लक होतं. १९९०च्या तिसऱ्या भागापर्यंत ते संपलं. त्यात रॉबर्ट ड्युव्हॉल मानधनावरून बाहेर! टॉम हेगन नसलेलं कॉर्लिओने घर मला अजूनही परकं वाटतं. तरी ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांवर मायकलच्या तोंडून आवाजच फुटत नाही, तो क्षण मात्र विसरता येत नाही.

२०२०मध्ये कपोलाने हाच भाग पुन्हा कापून-जोडून आणला. नावात मायकलचा मृत्यू, पण पडद्यावर तो मरतच नाही. म्हातारा, एकटा, नुसता बसून राहतो. त्याची शिक्षाच ती. आता यापुढे काय दाखवणार? व्हिन्सेंटचे गोळीबार? तसले सिनेमे ढिगाने पडलेत. आणि लिहिणार कोण? पुझो तर १९९९मध्येच गेला.

आपल्याकडे रामूने गॉडफादरला सलाम म्हणून २००५मध्ये 'सरकार' काढला, झकास काढला. मग 'सरकार राज', मग २०१७ला 'सरकार ३'. त्या तिसऱ्यातला एक तरी प्रसंग आठवतोय का कुणाला? प्रामाणिकपणे सांगा.