पाठ केलेली माणसं

राज्यसेवेच्या मुलाखती जवळ आल्या की सदाशिव पेठेत अभिरूप मुलाखतींचे फलक लागतात आणि माझं डोकं फिरतं. मुख्य परीक्षा काढलेली मुलं ही. कॉट बेसिसवर राहून, मेसचं जेवून, अभ्यासिकेत वर्षानुवर्षं घासलेली. त्यांना इथे शिकवतात काय, तर खुर्चीत किती टेकायचं, हात कुठे ठेवायचे, कधी हसायचं. वर ‘तुम्हाला प्रशासनात का यायचंय?’ याचं तयार उत्तर.

मी अशा पॅनेलवर बसतो. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता त्या वर्षी, म्हणजे २०२४-२५ला, परभणीकडचा एक मुलगा समोर आला. नवाकोरा ब्लेझर, बाहीवरचं लेबल तसंच. ‘समाजाच्या शेवटच्या घटकापर्यंत’ने त्याने सुरुवात केली. आधीच्या दोघांनीही तेच ऐकवलं होतं, शब्दही तेच. अर्जात वडील शेतकरी दिसले म्हणून विचारलं, सोयाबीन काय भावाने गेलं? पोरगा सावरून बसला. ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून खरेदी केंद्रावरून माल परत आला. पुढे मर्यादा १५ केली, तोवर अडत्याला चार हजारांनी घालून मोकळे झालो होतो, म्हणाला. शासनाचा निर्णय शेतकऱ्यापर्यंत उशिरा पोचला की काय होतं, हे त्याने दोन मिनिटांत मांडलं. असा तहसीलदार मला हवा आहे.

बाहेर त्याच्या मार्गदर्शकाने त्याला काय बजावावं? ‘घरचं रडगाणं नको, निगेटिव्ह वाटतं.’ मी तिथेच भांडलो. त्या मुलाकडे स्वतःचं म्हणून जे होतं, तेच हा माणूस पैसे घेऊन पुसून टाकत होता.

आणि हा धंदा आता वाढणार. पूर्वी मुलाखतीला १०० गुण होते. २०२३ साली मुलं अलका टॉकीज चौकात आंदोलनाला बसली म्हणून पुढे ढकललेली नवी परीक्षापद्धत २०२५पासून लागू झाली. तिच्यात लेखीला १,७५० आणि मुलाखतीला २७५ गुण. २७५ म्हटल्यावर घाबरलेला बाप जमीन गहाण ठेवूनही फी भरेल, हे या मंडळींना पक्कं ठाऊक आहे.

मुलांनो, स्वतःचा अर्ज वाचा. तालुक्यातलं धरण, पदवीचे विषय, लिहिलेला छंद, सगळं तुम्हाला विचारलं जाणार आहे. वाचनाचा छंद लिहिलात तर पुस्तक वाचलेलं असू द्या. उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, सर’ म्हणा आणि गप्प बसा. अंदाज ठोकलात की पुढचे तीन प्रश्न त्याच खड्ड्यात जातात. मराठीत बोलायची मुभा असताना मोडक्या इंग्रजीची हौस नको. सदस्यांचं मत तुमच्याविरुद्ध असलं तरी आपलं मत कारणासकट सांगा, आवाज न चढवता. हिंजवडीत नोकरी मागायला जाणाऱ्यांनाही हेच सांगेन. न केलेलं प्रोजेक्ट बायोडेटात घालाल, तर काम केलेला माणूस दुसऱ्याच प्रश्नाला ओळखतो.

पॅनेलवरच्या माझ्या सहकाऱ्यांनाही सोडणार नाही. मुलगा समोर बसल्यावर त्याचा अर्ज उलगडणारे तुम्ही त्याला वागणूक कसली शिकवता? मी बसतो तिथे यंदापासून अर्ज आदल्या संध्याकाळी मागवले आहेत. ज्याने वाचला नसेल, त्याने त्या मुलाला प्रश्न विचारायचा नाही.