फोकमन १९७८पर्यंत तरी वाचावेत

इंदूरच्या मराठी श्रोत्यांना विज्ञान सोपं करून सांगायला आलेल्या एका विद्वानांनी परवा रक्तवाहिन्यांचा प्रश्न एका बैठकीत निकालात काढला. नवी केशवाहिनी फुटते ती व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनाच्या हुकमाने. हुकूम सुटला की वाहिनी उगवते, हुकूम दाबला की कर्करोगाची गाठ उपाशी मरते. पेशी एकमेकींना आणि भोवतीच्या तंतूंना चिकटतात, ही म्हणे दुय्यम बाब. आधाराला संशोधक जुडा फोकमन यांचा १९७१चा गाजलेला लेख. टाळ्याही भरपूर पडल्या.

गाठ उपाशी मरण्याविषयी एवढंच म्हणतो, की बेव्हॅसिझुमॅब २००४मध्ये बाजारात आलं आणि गाठी अजून जेवताहेत.

पण फोकमन यांना साक्षीला बोलावलं आहेच, तर साक्ष पुरी होऊ द्या. १९७८मध्ये याच फोकमन यांनी अ‍ॅन मॉस्कोना यांच्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. पेशी वाढवायच्या ताटलीवर त्यांनी न चिकटू देणाऱ्या पदार्थाचा थर दिला, कुठे पातळ, कुठे जाड. थर जाड तशी पेशीची पकड कमी, पकड कमी तशी ती अधिक गोल, आणि गोल होत गेली तसं तिचं डीएनए बनवणंही घटत गेलं. पुढे १९९७मध्ये डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना सूक्ष्म बेटांवर बसवलं. लहान बेटावर आखडून बसलेल्या पेशी मेल्या, मोठ्या बेटावर ऐसपैस पसरलेल्या वाढल्या. वाढीची रसायनं दोघींनाही तीच मिळत होती! आता हुकूम कुठे गेला? टपालात अडकला? पेशीच्या अंगावरची इंटेग्रिन प्रथिनं बाहेरचे तंतू धरतात आणि त्या पकडीची खबर आत पोचवतात. त्या खबरीशिवाय हुकमाला किंमत नाही. इंगबर फोकमन यांच्याच प्रयोगशाळेत घडलेले, पण त्यासाठी १९७१च्या पुढचं पान उलटावं लागतं.

इंदुरात हुकूम मोठा की पकड, हा वाद नवा नाही; इथे तो पाण्याच्या नळांवरून चालतो. त्याच १९७८ साली जलूदहून नर्मदेचं पाणी शहरात आलं, आणि तेव्हापासून नळ कोरडा पडला की एक पक्ष म्हणतो पंप वाढवा, दुसरा म्हणतो आधी सांधे बघा. उद्घाटनं पंपांची होतात.

रक्तवाहिनीचा सांधा म्हणजे अस्तराच्या पेशी एकमेकींना जोडणारं व्हीई-कॅडहेरिन हे प्रथिन. १९९९मधल्या उंदरांवरच्या प्रयोगात ते काढून घेतलं, तर अस्तराच्या पेशी व्हीईजीएफ असूनही तग धरीनात आणि भ्रूण गर्भातच दगावले.

'मग चिकटणं रोखणारं औषध का फसलं?' असं मला विचारतील. विचारावं. १९९४मध्ये एका इंटेग्रिनला अडवून कोंबडीच्या भ्रूणपटलावर नव्या वाहिन्या थांबवता आल्या होत्या. २००२मध्ये मात्र ते इंटेग्रिन जन्मतःच नसलेल्या उंदरांत गाठी उलट जास्त फोफावल्या. असंच इंटेग्रिन अडवणारं, मेंदूच्या कर्करोगावरचं सिलेंजिटाइड पाचशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत आयुष्य वाढवू शकलं नाही. तो निकाल २०१४चा. यातून चिकटणं बिनमहत्त्वाचं ठरत नाही. एक बटण दाबून मोकळं होण्याची सवय फसते, मग ते बटण त्या विद्वानांचं असो की माझ्या बाजूचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वाहिनी फुटताना सांधे आधी सैल व्हावे लागतात, टोकाच्या पेशीला तंतू धरत पुढे सरकावं लागतं, आणि मागे नळी तयार झाली की सांधे पुन्हा घट्ट व्हावे लागतात. हे वेळच्या वेळी झालं नाही तर वाहिनी होते, पण गळते. मधुमेह्याच्या दृष्टिपटलात तेच दिसतं: वाहिनीला बाहेरून बिलगलेल्या पेरिसाइट पेशी झडतात, भिंत पाझरते, आणि नंतर फुटणाऱ्या नाजूक वाहिन्या डोळ्यात रक्त सांडतात. व्हीईजीएफ दाबणारी सुई काही आठवडे उपयोगी पडते, मग पुन्हा घ्यावी लागते. २०२२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फॅरिसिमॅब म्हणूनच व्हीईजीएफच्या जोडीला अँजिओपोएटिन-२लाही अडवतं, म्हणजे वाहिनीची भिंत सैल करणाऱ्या हातालाच.