घुमटावरचे वळसे आणि कारागिराचे मोल

पितळी दिव्याचा माथा असो, अत्तरदाणीचे झाकण असो, झुमक्याची कटोरी असो की इमारतीचा घुमट असो, एक नक्षी हमखास मागितली जाते. ती म्हणजे तळापासून निघून फिरत फिरत माथ्याला पोहोचणारी वळसेदार रेषा. पूर्वी ती कारागीर स्वतः आखीत असे. आता गिऱ्हाइकाला आधी संगणकावरचे चित्र हवे असते आणि सीएनसी यंत्राला फाईल. त्यामुळे आखणीचे काम कारागिराच्या हातून सुटून कॅड चालविणाऱ्याकडे गेले आहे. प्रश्न असा की, त्या कामाबरोबर कारागिराची अक्कलही कारखान्याबाहेर जाऊ द्यायची काय?

कॅड चालविणारा मुलगा हुशार असतो, पण धातू त्याच्या हाताखालून गेलेला नसतो. तो सोपा मार्ग धरतो. सपाट कागदावर काढावी तशी चक्राकार रेषा काढतो आणि एका आज्ञेने ती वरून घुमटावर पाडतो. पडद्यावर वरून पाहिले तर काम झकास दिसते. बाजूने पाहिले की घोटाळा कळतो.

उदाहरण घेऊ. ३०० मिलिमीटर व्यासाचा अर्धगोल आहे व त्यावर १२ वळसे हवे आहेत. सपाट रेषेत दोन वळशांतील अंतर १२.५ मिलिमीटर येते. ती रेषा घुमटावर पाडली की माथ्यापाशी अंतर तेवढेच राहते, पण तळाचा शेवटचा वळसा सुमारे ६२ मिलिमीटर ताणला जातो, म्हणजे जवळजवळ पाचपट! याउलट स्क्रूच्या आट्यांप्रमाणे उंचीचे समान भाग केले तर तळाशी १२.५ आणि माथ्याशी ६२ मिलिमीटर अंतर पडते. दोन्ही रीतींनी माल बेढब होतो.

खरी रीत जुन्या हाताला ठाऊक आहे. घुमटाच्या अंगावरून तळापासून माथ्यापर्यंत दोरी लावावी. वरील अर्धगोलावर ती सुमारे २३६ मिलिमीटर भरेल. तिचे १२ समान भाग केले की प्रत्येक वळसा सुमारे १९.६ मिलिमीटरचा होतो. मग घुमटावर उभ्या फाका व आडवी कडी आखून कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी रेषा नेली की वळसा तयार! संगणकालाही हेच सांगायचे असते. सॉलिडवर्क्समध्ये समीकरण देऊन अशी वक्ररेषा काढता येते. राइनोमध्ये घुमटाचा पृष्ठभाग चौकटीसारखा उलगडून त्यात तिरपी सरळ रेषा ओढतात व ती पुन्हा घुमटावर बसवितात. तेथे अंतरात किंचित फरक राहतो, तो मोजून घ्यावा. फ्रीकॅड तर विनामूल्य आहे आणि त्यात छोटी आज्ञावली लिहून हे काम होते. सॉफ्टवेअर महाग म्हणून शिकलो नाही, ही सबब आता उरलेली नाही.

वेलबुट्टी माथ्याकडे लहान लहान होत जावी असे वाटत असेल, तर रीत बदलते. तेथे रेषेने प्रत्येक उभ्या फाकेला एकाच कोनात छेदले पाहिजे. अशी रेषा माथ्याभोवती फिरतच राहते, प्रत्यक्ष टोकाला पोहोचत नाही. म्हणून वर घुंडीसाठी थोडी जागा सोडावी लागते. उलटसुलट फिरणाऱ्या अशा रेषा एकमेकींना छेदू लागल्या की शंकरपाळ्यांसारखे घर पडते. इस्फहानच्या शेख लुत्फुल्लाह मशिदीत (१६१९) घुमटाच्या आतील घरे अशीच माथ्याकडे आक्रसत जातात.

हे ज्ञान कारागिराला परके नाही. दहाव्या शतकात बगदादचे गणिती अबुल वफा अल-बुज्जानी यांनी कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गोलाच्या पृष्ठभागाची विभागणी त्यात आहे. जमशीद अल-काशी यांनी १४२७ च्या आपल्या गणितग्रंथात कमानी, घुमट व मुकर्नस यांची मापे काढण्याच्या रीती दिल्या. त्या काळी विद्वान कारागिरासाठी लिहीत होते. आज कारागिराच्या मुलाने कॅड शिकणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी आहे.

कोणी म्हणेल, यंत्र आले की हाताची गरज काय? गरज आहे. उठावाची पट्टी घुमटाच्या अंगाला काटकोनात उभी राहिली नाही तर ती कलंडलेली दिसते. तीन अक्षांच्या यंत्रावर तळाजवळच्या उभ्या भिंतीत खाच नीट कापली जात नाही, तेथे काम फिरवून धरावे लागते. या गोष्टी फाईल बनवितानाच सांगाव्या लागतात, आणि त्या सांगू शकतो तो ठोकणारा, ओतणारा, खरादी. त्याला कोणी विचारत नाही. माल बिघडला की नुकसान मात्र त्याच्या मजुरीतून वळते होते.

म्हणून व्यापारी व कारखानदार बांधवांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, फाईल कापायला जाण्यापूर्वी जुन्या कारागिराला संगणकासमोर बसवा, बाजूने चित्र दाखवा आणि त्या वेळेची मजुरीही द्या. दोन, बाहेरून नक्षी करून घेताना मूळ फाईल आपल्या ताब्यात राहील, असे आधीच लिहून घ्या. नाही तर आपलीच नक्षी उद्या शेजारच्या दुकानात दिसेल आणि तक्रार करायला कागदही नसेल.

कारागीर बांधवांनी वयाची सबब सांगू नये. माऊस मुलाच्या हातात राहू द्या, पण वळसा कोठून कसा जायचा हे सांगणारे बोट तुमचे असू द्या. ज्याला वळशाचे गणित कळते त्याचे मोल यंत्र कमी करू शकत नाही.