सांध्यातील सुई आणि पुराव्याची कसोटी

सचिन तेंडुलकरच्या कोपराने २००४ मध्ये दगा दिला, पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि 'टेनिस एल्बो' हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. हे दुखणे खेळाडूंपुरते कधीच नव्हते. संगणकापुढे तासन्‌तास बसणारे कर्मचारी, रेल्वेचे जिने चढताना गुडघा धरणारे प्रवासी, खांदा वर न जाणाऱ्या गृहिणी असे सारेच आज 'एक इंजेक्शन घेतले की झाले' या आश्वासनाचे ग्राहक आहेत. प्रश्न आहे तो हे आश्वासन पुराव्याच्या कसोटीला कितपत उतरते, याचा.

या उपचाराचा पाया जुना आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन दिले. परिणाम इतका विलक्षण होता की, १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना मिळाले. पाठोपाठ स्टेरॉइड थेट सांध्यात टोचण्याची पद्धत रूढ झाली. ते दाह झपाट्याने शमवते, म्हणून वेदना थांबते. परंतु वेदना थांबणे आणि इजा भरून येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'लॅन्सेट'मध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्याने नेमके हेच दाखवले. टेनिस एल्बोमध्ये स्टेरॉइडने पहिले काही आठवडे आराम पडतो. मात्र पुढील महिन्यांत हे इंजेक्शन न घेतलेले रुग्ण अधिक बरे असतात. झिजलेल्या गुडघ्यांवर दर तीन महिन्यांनी, दोन वर्षे स्टेरॉइड देऊन पाहणारी १४० रुग्णांची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. वेदनेत मिठाच्या पाण्याच्या तुलनेत लक्षणीय फरक पडला नाही. कूर्चा मात्र अधिक झिजली.

स्टेरॉइडच्या या मर्यादांमुळे 'पुनर्निर्माणा'ची भाषा करणारे उपचार पुढे आले. १९५० च्या दशकात जॉर्ज हॅकेट यांनी प्रचारात आणलेली प्रोलोथेरपी त्यांतलीच. त्यात साखरेचे द्रावण टोचून मुद्दाम सौम्य दाह निर्माण केला जातो आणि त्यातून शरीराची दुरुस्तीयंत्रणा जागी होईल, अशी अपेक्षा असते. लहान चाचण्यांत काही लाभ दिसला. निर्णायक पुरावा नाही. सध्या बोलबाला आहे तो पीआरपीचा. रुग्णाचेच रक्त यंत्रात घुसळून बिंबिकांनी समृद्ध असा भाग दुखऱ्या जागी टोचला जातो. अमेरिकन फुटबॉलपटू हाइन्स वॉर्डने २००९ च्या सुपर बाउलपूर्वी हा उपचार घेतल्यावर त्याची कीर्ती पसरली. पुरावा मात्र त्या वेगाने आला नाही. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांच्या गुडघ्यांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षअखेरीस पीआरपी आणि मिठाचे पाणी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमधील २४० रुग्णांच्या टाचेच्या स्नायुबंधाबाबतही निष्कर्ष तोच निघाला.

यातील मर्म असे की, मिठाचे पाणी घेतलेल्यांचीही वेदना कमी झाली होती. दुखणे कालांतराने ओसरते, उपचार मिळाल्याच्या भावनेनेही आराम वाटतो आणि श्रेय सुईला जाते. 'मला गुण आला' हा रुग्णाचा अनुभव खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा असेलच असे नाही. रक्त रुग्णाचेच असल्याने नव्या औषधासारखी कठोर छाननीही होत नाही. अमेरिकेत मंजुरी मिळते ती रक्त वेगळे करणाऱ्या उपकरणाला. खर्च मात्र बहुतांशी रुग्णाच्या खिशातून जातो.

याचा अर्थ सुई सर्वस्वी त्याज्य असा नव्हे. फ्रोझन शोल्डरच्या वेदनामय टप्प्यात किंवा ट्रिगर फिंगरमध्ये स्टेरॉइडचा उपयोग सिद्ध आहे. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढू शकते, एवढे भान हवे. परंतु गुडघ्याच्या झिजेत वर्षभरानंतर फिजिओथेरपी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरते, हे २०२० च्या एका अमेरिकी चाचणीने दाखवले आहे. व्यायामाला चिकाटी लागते, त्याची जाहिरात होत नाही आणि त्यातून मोठे बिलही निघत नाही. म्हणूनच सुईत काय आहे, आराम किती काळ टिकेल आणि ती न घेतल्यास काय होईल, हे रुग्णाला आधी सांगणे ही सौजन्याची नव्हे, वैद्यकीय कर्तव्याची बाब ठरते.