चोपडा 'आता कुठे शहर होत आहे' हे म्हणणे खोटे आहे

१/ चोपड्याविषयी हल्ली एक वाक्य सारखे ऐकू येते: "कालपर्यंत शेतकऱ्यांचे गाव होते, आता कुठे शहर होऊ लागले आहे." प्लॉट विकणारे हे अभिमानाने सांगतात, पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली इथली मुले संकोचाने. इतिहास यांपैकी कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाही. त्यासाठी हा थ्रेड.

२/ आधी भूगोल. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, मधे काळ्या मातीचा पट्टा. डोंगरातला माल आणि पट्ट्यातले धान्य-कापूस जिथे समोरासमोर येतात, तिथे बाजार भरणारच. चोपडा हे शेती सोडून झालेले शहर नव्हे. शेतीनेच उभे केलेले शहर आहे.

३/ सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त खानदेशचे वर्णन केले. त्यात चोपड्याची नोंद मोठे, भरवस्तीचे गाव अशी आहे. जवळच गिरणा-तापी संगमावरील रामेश्वर. तिथे दूरदूरचे यात्रेकरू येतात, असेही तो लिहितो. ज्वारीविषयी तर तो म्हणतो की काही ठिकाणी वर्षात तिची तीन पिके निघतात आणि ताटे इतकी गोड की लोक त्यांना फळ मानतात.

४/ १६१० मध्ये विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला. त्याच्या वाटेवर थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर हे टप्पे होते. चोपड्याची गणना त्यानेही मोठ्या गावांतच केली. बऱ्हाणपूर म्हणजे त्या काळचे मोगलांचे दख्खनमधील मुख्य ठाणे. त्याच्या राजमार्गावरचे गाव 'खेडे' कसे?

५/ मग ते लहान कसे ठरले? १८६० च्या दशकात मुंबईहून आलेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा तापीच्या दक्षिणेने गेला. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला आणि जळगावची पेठ फुलली. पुढे सुरत-अमळनेर मार्ग आला, तोही दक्षिणेनेच. चोपड्याच्या मालाला स्टेशन गाठण्यासाठी आधी तापी ओलांडावी लागे. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले आणि पूर्व खानदेशचे मुख्य ठाणे जळगाव ठरले.

६/ म्हणून "शेतीमुळे मागे राहिलो" हे वाक्य आधी पुसा. जळगावला वर नेले तेही कापसानेच. फरक मातीचा नव्हता, रुळांचा होता. रूळ कुठून जावेत, हे चोपड्याच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते.

७/ हे सुवर्णयुगाचे गोडवे नव्हेत. जुन्या समृद्धीचा मोठा वाटा सारा वसूल करणाऱ्यांकडे जाई. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. डोंगरातल्या लोकांनाच डोंगरातल्या लोकांवर नेमून सपाटीवरची महसुली घडी सांभाळली गेली. आजही बाजारात मोळी आणि मजुरी घेऊन उतरणारे पावरा, बारेला, तडवी या शहराच्या इतिहासात नावापुरतेच येतात. शहराचा अभिमान बाळगायचा, तर हा हिशेबही मांडावा लागेल.

८/ आता आजचे. ज्या मातीने हे शहर पोसले, तीच गावाबाहेरच्या रस्त्यांलगत बिगरशेती होत आहे. घरे नकोत, असे कोण म्हणेल? माणसे वाढली, घरे हवीतच. आक्षेप त्यामागच्या समजुतीवर आहे: पीक उभे असते तोवर जमीन 'पडीक' आणि दगडी खुणा रोवल्या की 'विकसित'. केळीचा बाग काढून तिथे वर्षानुवर्षे गवत माजलेले प्लॉट ठेवणे, याला वाढ म्हणत नाहीत.

९/ इतिहासप्रेमींनाही एक प्रश्न. आपण किल्ल्यांचे बुरूज मोजतो. पण व्यापाऱ्यांच्या मोडी वह्या, जिनिंगचे हिशेब, आजीच्या पेटीतला जुना सातबारा यांकडे किती जण पाहतात? वाडा पडला की कागद रद्दीत जातात. शेतीच्या शहराचा इतिहास मात्र याच कागदांत असतो.

१०/ सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा: आपला माल कुठे विकला जाई, तापी कशी ओलांडत, आपल्या शेतावर कोण राबे? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा. चोपड्याला शहरपण कोणाकडून उसने आणायचे नाही. जे आहे ते रद्दीत जाऊ द्यायचे नाही, इतकेच.