उंदराची नोंद होते



सदाशिव पेठेतून एक निवेदन आमच्याकडं सहीला आलंय. कारखान्यांत लागणाऱ्या रसायनांची वाफ उंदरांना हुंगायला लावून ती किती विषारी आहे हे तपासतात, ते ताबडतोब बंद करा, अशी मागणी. कागद गुळगुळीत, मराठी शुद्ध, वर पांढऱ्या उंदराचं चित्र. दलित तरुणांनीही अहिंसेच्या ह्या लढ्यात उतरावं, असं खाली आवर्जून लिहिलंय. एरवी आपली आठवण यांना बंदोबस्त मागवायचा असला की येते. यावेळी अहिंसेसाठी आली, हेही नसे थोडके.

आम्ही सही केली नाही. का केली नाही हे सांगायला ही जागा वापरतो. आमच्यातलेच दोघेतिघे म्हणाले, कशाला डोकं लावतोस, उंदीर गेला खड्ड्यात, आधी माणूस. तेही मला पटलं नाही. म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ही चाचणी काय असते ते समजून घेऊ. आपल्यात शिव्या द्यायची घाई आणि वाचायचा कंटाळा, दोन्ही आहे. उंदीर हवाबंद पेटीत ठेवतात, किंवा एका नळीत असा बसवतात की नाक तेवढं विषारी हवेत राहील. चार तास. त्या हवेत रसायन किती आहे हे सारखं मोजत राहतात. मग चौदा दिवस नजर. कोण केव्हा मेला, कुणाचं वजन घटलं, कुणाला धाप लागली, सगळं लिहायचं. शेवटी मेलेले आणि जगलेले दोन्ही फाडून फुप्फुस बघायचं. ज्या प्रमाणात निम्मे उंदीर मरतील त्या आकड्याला 'एलसी ५०' म्हणतात. ह्याची आंतरराष्ट्रीय पद्धत १९८१ साली ठरली, पुढं सुधारली. लांबच्या चाचण्या २८ दिवसांच्या, ९० दिवसांच्या, रोज सहा तास.

आपल्या देशात हे करायचं तर १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा आहे, १९९८ चे नियम आहेत. संस्थेची नोंदणी लागते, संस्थेत समिती लागते, समितीत बाहेरचा माणूस लागतो. किती उंदीर, कशासाठी, दुसरा मार्ग नाही का, हे कागदावर सांगावं लागतं. हे असलंच पाहिजे. कायदा कागदावर किती आणि पिंजऱ्यात किती, हा वेगळा प्रश्न. पिंजरे कोण धुतं हाही.

आता पेटीतून बाहेर या, आणि ज्या पेठेतून निवेदन आलं त्या पेठेच्या रस्त्याखाली चला. वाड्यांच्या मागं भंगीबोळ असत, टोपलीचे संडास असत. वाडे पडले, फ्लॅट झाले, मैला रस्त्याखालून वाहायला लागला. चेंबरचं झाकण मात्र कुणीतरी उघडतंच. आत हायड्रोजन सल्फाईड असतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा गॅस. ह्या गॅसबद्दल जगाला काय माहीत नाही? उंदरांनी सगळं सांगून ठेवलंय. १९८१ साली छापलेल्या प्रयोगात ४४४ पीपीएम हवेत चार तास ठेवल्यावर निम्मे उंदीर मेले. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग. २००० साली छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात उंदरांना रोज सहा तास, दहा आठवडे हा गॅस दिला. १० पीपीएमला नाक शाबूत राहिलं. ३० आणि ८० पीपीएमला वास ओळखणाऱ्या नाकातल्या पेशी मेल्या. ह्या उंदरांच्या नाकावरून अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं २००३ साली आपली हवेतली मर्यादा काढली, आणि ती १० पीपीएमच्याही हजारो पटीनं खाली ठेवली. कारण आयुष्यभर हुंगणाऱ्या माणसात पोर असतं, म्हातारी असते, दमेकरी असतो.

इतकी काळजी. आणि आपला माणूस चेंबरमध्ये उतरतो तेव्हा? काडी पेटवून बघ, वास घेऊन बघ. अरे, शंभराच्या आसपास गेला की ह्या गॅसचा वासच येईनासा होतो! गडी म्हणतो, गॅस गेला वाटतं, आणि खाली उतरतो. पाचशेच्या वर काही मिनिटांत कोसळतो. एक पडला की दुसरा त्याला काढायला जातो. मार्च २०२२ मध्ये पुण्याला लागून लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत सेप्टिक टँकमध्ये चौघं गेले. आत गॅस किती होता? कुणी मोजला? उंदराच्या पेटीत दर थोड्या वेळानं मोजतात.

प्रयोगशाळेतला उंदीर एकाच जातीचा लागतो, म्हणजे आकडे नीट येतात. गटारातला माणूसही बहुतेक एकाच बाजूचा लागतो. केंद्र सरकारनंच नोंदवलेल्या गटार आणि सेप्टिक टँक कामगारांत दोन तृतीयांशांहून जास्त अनुसूचित जातींचे निघाले, हे २०२४ साली बाहेर आलं. सरकारनं २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंची तपासणी करवून घेतली. त्यातल्या ४९ जणांच्या अंगावर संरक्षणाचं काहीच नव्हतं. हे २०२५ साली संसदेत सांगितलं गेलं, आणि संसद पुढच्या विषयाकडं वळली.

म्हणजे उंदराची नोंद होते, आपली होत नाही, एवढं म्हणून मी थांबलो असतो तर टाळ्या पडल्या असत्या. पण गोष्ट तिथं संपत नाही. नोंद झाली तरी ती कुणाच्या कपाटात जाते ते बघा.

भोपाळ घ्या. १९६३ आणि १९७० साली युनियन कार्बाईडनं पिट्सबर्गच्या मेलन इन्स्टिट्यूटमध्ये मिथाईल आयसोसायनेटच्या चाचण्या जनावरांवर करून घेतल्या. निष्कर्ष छापले नाहीत, कंपनीच्या फायलीत राहिले. १९६४ साली जर्मनीत दोन संशोधकांनी ह्याच गॅसवरचा अभ्यास छापला. चार तासांत निम्मे उंदीर मारायला साधारण ५ पीपीएम पुरले. माणसांनाही थोडा वेळ हुंगवून पाहिलं, २१ पीपीएमला कुणालाच थांबवेना. तो अभ्यास जर्मन भाषेत. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री चाळीसेक टन गॅस जयप्रकाश नगर, काझी कँपवर आला तेव्हा हमीदिया हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना तो कुठला, उतारा काय, हे कुणी धड सांगितलं नाही. वीस वर्षांपूर्वी उंदीर मेले होते, आकडे तयार होते. वस्तीतल्या एकाही माणसापर्यंत एकही आकडा आला नव्हता. ओला फडका तोंडावर धरा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेनं पळा, एवढंसुद्धा नाही!

१९८५ साली मेडिको फ्रेंड सर्कलच्या डॉक्टर मंडळींनी भोपाळात जाऊन जे. पी. नगर आणि लांबची अण्णा नगर अशा दोन वस्त्यांतल्या लोकांना तपासलं, विचारलं, तुलना केली. गॅस अंगावर घेतलेल्या माणसाला विचारूनही विज्ञान होतं, हे त्यांनी दाखवलं. पण तिथं माणूसच उंदीर झाल्यावर विचारायची वेळ आली होती.

भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली. शंभरावर रसायनांचा तक्ता आला. कामाच्या आठ तासांत हवेत मिथाईल आयसोसायनेट ०.०२ पीपीएम, हायड्रोजन सल्फाईड १० पीपीएम, ह्याच्या वर नको. तक्ता चांगला. पण तो फॅक्टरीच्या भिंतीपुरता. टिळक रोडवरचं चेंबर ही फॅक्टरी नव्हे. गॅस तोच, फुप्फुस तेच, भिंत नाही म्हणून मर्यादाही नाही.

आता अहिंसेचं. आपल्याला अहिंसा शिकवायला कुणी येऊ नये, आपल्याकडं धम्म आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी स्वच्छ मांडलंय की बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज ह्यांत त्यांनी फरक केला. हा फरक घेऊन उंदराच्या पेटीपुढं उभे राहा. लिपस्टिकसाठी जनावर मारणं ही गरज नव्हती, २०१४ साली आपल्या देशानं ते बंद केलं, ठीक केलं. नवं रसायन बाजारात येतंय, कामगाराच्या छातीत जाणार आहे, माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी काचेत वाढवून त्यांच्यावर वाफ सोडायची पद्धत तिथं अजून पुरी पडत नाही. तिथं गरज असू शकते. पण एका कंपनीनं आकडा फायलीत दाबला, म्हणून दुसऱ्या कंपनीला तोच प्रयोग पुन्हा करावा लागला, तर तो दुसरा उंदीर कशानं मेला? नफ्यानं. ती इच्छाच झाली. आणि आकडा माहीत असून माणूस मोजमापाशिवाय खाली सोडला, तर पहिले सगळे उंदीरही फुकट मेले.

म्हणून 'उंदीर गेला खड्ड्यात' म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना सांगतो, हे वाक्य जपून वापरा. चार जणांच्या भल्यासाठी कुणीतरी मरायचंच, आणि तो आपल्यातला नको, हा हिशेब आपण दोन हजार वर्षं दुसऱ्या बाजूनं ऐकलाय.

आणि निवेदनवाल्यांनाही एक सांगायचंय. ह्याच पुण्यात पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडकं बांधत, त्याची थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते नोंदवलंय. आमच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या थुंकीची एवढी काळजी घेतलीत. आमच्या नाकातून आत जाणाऱ्या हवेची कधी घेतलीत? तुमच्या कागदात उंदराच्या फुप्फुसावर चार परिच्छेद आहेत. तुमच्याच संडासाची लाईन ज्याच्या फुप्फुसावर चालते त्याच्यावर एक ओळ नाही.

ती ओळ घाला, सही देतो. ओळ कुठली ते सांगतो. रसायन कुठल्याही कंपनीचं असो, त्याच्या श्वासाच्या चाचणीचा निकाल मराठीत, कामाच्या जागी, मोठ्या अक्षरात लागला पाहिजे. एकदा झालेला प्रयोग सगळ्यांना खुला, म्हणजे पुन्हा उंदीर मारायला नको. आणि झाकण उघडण्याआधी मीटर आत सोडायचं, आकडा वहीत लिहायचा, त्याखाली मुकादमानं आणि ठेकेदारानं सही करायची. हातात मावणारं मीटर असतं हे, रॉकेट नव्हे. २०१३ चा कायदा ६ डिसेंबरला लागू झाला, नेमका महापरिनिर्वाणदिनी. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली तीस लाख केले. ते पैसे घरच्यांना मिळालेच पाहिजेत, त्यासाठीही भांडू. पण आमची मागणी झाकण उघडायच्या आधीची आहे.

तोवर आपण आपलं काम करू. ह्या अंकाचं शेवटचं पान फाडून घ्या. त्यावर मोठ्या अक्षरात चारच गोष्टी छापल्यात. दहाच्या वर काम नाही. शंभरच्या पुढं वास जातो, गॅस जात नाही. पाचशेला माणूस पडतो. पडलेल्याला काढायला दोर आणि हवेचं नळकांडं असल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. तुमच्या भागातल्या आरोग्य कोठीवर, हजेरी घेतात त्या भिंतीवर, हे पान चिकटवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. मुकादमानं फाडलं तर आमच्याकडं आणखी प्रती आहेत, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा.